भाड्याच्या घराचा कायदा

प्रस्तावना

लालबाग, गिरगाव किंवा दादरच्या जुन्या गल्लीत दोन तऱ्हेचे भाडेकरू शेजारी-शेजारी राहतात. चाळीतल्या खोलीत राहणाऱ्याकडे आजोबांच्या नावाची भाडेपावती असते. महिन्याचं भाडं काही शे रुपये. समोरच्या टॉवरमध्ये तेवढ्यात गाडी लावायला जागासुद्धा मिळत नाही. त्याला घराबाहेर काढणं मालकाला सोपं नाही, पण जिन्याखाली लोखंडी टेकू लागलेले असतात आणि पावसाळा आला की म्हाडाची नोटीस दारावर चिकटते. समोरच्या टॉवरमध्ये ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारं तरुण जोडपं भाड्यापायी पगाराचा मोठा हिस्सा घालवतं. त्यांच्या छताला तडा नाही, लिफ्ट चालू असते, पण करार संपताना मालकाचा फोन येतो: इतकी वाढ द्या, नाहीतर घर रिकामं करा.

दोघेही भाड्याच्या घरात राहतात आणि दोघांनाही लागू असलेला कायदा एकच आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. पहिल्याचं भाडं या कायद्याने धरून ठेवलं, पण त्याचं छप्पर शाबूत राहील याची सोय केली नाही. दुसऱ्याच्या वाट्याला कायद्यातलं संरक्षण जवळजवळ आलंच नाही. हे असं का झालं आणि ते बदलायचं तर राज्याच्या विधिमंडळाने नेमकं काय करायला हवं, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तक माहिती देतं, तसं ते एक बाजूही घेतं, आणि ती बाजू पहिल्याच पानावर सांगितलेली बरी. परवडणारं भाड्याचं घर आणि त्या घरात निर्धास्तपणे राहण्याची हमी या दोन्ही गोष्टी कायद्याने मिळाल्या पाहिजेत, आणि तो कायदा महाराष्ट्राने करायला हवा.

दिल्लीकडे बोट दाखवण्याची सवय आपल्याला आहे. घरांच्या बाबतीत मात्र केंद्र सरकार फार तर निधी देऊ शकतं, योजना आखू शकतं, नमुना कायदा लिहून पाठवू शकतं. भाडेकरू आणि घरमालक यांच्यातलं नातं प्रत्यक्षात राज्यांचे कायदेच ठरवत आले आहेत. म्हाडा राज्याची, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण राज्याचं, विकास नियंत्रण नियमावलीवर शेवटची सही राज्याच्या नगरविकास खात्याची. चूक झाली तीही मंत्रालयात आणि दुरुस्ती व्हायची तीही तिथेच.

या कायद्याची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये युद्धकालीन भाडे निर्बंधाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेच संकट मोठ्या रूपात परतलं. फाळणीचे निर्वासित, गिरण्यांत भरती होणारे कामगार, गोदीतले हमाल, सगळ्यांना याच बेटावर जागा हवी होती. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा या परिस्थितीतून आला आणि फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. त्याचा गाभा साधा होता. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचं जे भाडं होतं तेच ‘प्रमाण भाडं’. त्याहून अधिक मागायचं नाही, आणि भाडं भरणाऱ्याला कायद्यात लिहिलेल्या कारणांशिवाय बाहेर काढायचं नाही.

त्या वेळी हा कायदा आवश्यक होता. तो नसता तर गिरणगाव तगलं नसतं. गिरणीत आठ तास राबून येणाऱ्या माणसाला पाठ टेकायला दहा बाय बाराची खोली त्याच्यामुळेच टिकली. कायदा चुकला तो पुढे. तात्पुरता म्हणून आणलेला हा उपाय मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला, आणि भाड्याचा आकडा १९४० मध्येच राहिला. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी, महापालिकेचा कर, सगळं वाढत गेलं. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. त्याच्या जोडीला पागडी आली. कागदावर भाडं चाळीस रुपये आणि हातात रोख रक्कम, तीही कागदावर न येणारी. मालकाने पुढच्या भाडेकरूकडून घ्यायची आणि जाणाऱ्याने त्यातला वाटा मागायचा, असा एक समांतर बाजार शहराच्या पोटात तयार झाला. १९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली. तोवर ती दोन पिढ्या उघड गुपित होती.

इमारती कोसळू लागल्यावर सरकारला हात घालावा लागला. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि बेटावरच्या १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवण्यात आला. ‘सेस बिल्डिंग’ हा मुंबईकराच्या तोंडचा शब्द तिथून आला. उपकर भरायचा आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करायची, अशी ही व्यवस्था. जमणारा पैसा आणि खचणाऱ्या भिंती यांचा मेळ कधीच बसला नाही. मग लोकांना संक्रमण शिबिरात हलवायचं. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या कुटुंबातली मुलं तिथेच मोठी झाली, त्यांची लग्नं तिथेच झाली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली. पुनर्विकासाच्या यादीत तिचं नाव होतं. काही कुटुंबं निघून गेली होती, काही राहत होती. ३३ माणसं गेली.

न्यायालयांनीही इशारे दिले. मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्याचं म्हटलं. कायद्याची मुदत तेव्हा संपत आली होती, म्हणून न्यायालयाने तो रद्द न करता नवा, न्याय्य कायदा करण्याचं काम विधिमंडळावर सोपवलं. त्यातून १९९९ चा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय आली. ती ज्या रकमेवर लागते ती रक्कमच जुनी. साठ रुपयांवर दरसाल ४ टक्के वाढ देऊन इमारतीचं प्लॅस्टरही होत नाही.

दुसरीकडे भाडेकरूंच्या हाती मालकी देण्याचाही प्रयत्न झाला. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण घालण्यात आलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करायची आणि रहिवाशांच्या सहकारी संस्थेकडे द्यायची. मालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. तो खटला तीन दशकं चालला आणि अखेर नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय आला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या अनुच्छेद ३९(ब) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. घटनेच्या अभ्यासकांनी या निकालावर पुष्कळ लिहिलं. त्याची सुरुवात मुंबईतल्या गळक्या चाळींपासून झाली, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही.

आता टॉवरमधल्या त्या जोडप्याकडे येऊ. त्यांची गोष्ट १९७३ पासून सुरू होते. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लायसन्स’वर राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांना मिळाला त्यांचं भलं झालं. पण घरमालकांनी त्यातून एकच धडा घेतला: एकदा आत शिरलेला माणूस बाहेर निघत नाही. फ्लॅटला कुलूप लावून ठेवणं किंवा तो बँकेला, कंपनीला देणं त्यांना अधिक सुरक्षित वाटू लागलं. ही भीती घालवण्यासाठी १९९९ च्या कायद्याने लोलक पार दुसऱ्या टोकाला नेला. लायसन्सची मुदत संपली की मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि जागा परत घ्यायची. त्यानंतरही राहिलात तर दुप्पट रक्कम भरा. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची, हे कलम ५५ चं बंधन त्यातलं चांगलं. करार नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

हा करार एकदा शांतपणे वाचून पाहावा. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, फोटो काढतो, आधार क्रमांक घालतो, आणि दहा मिनिटांत सह्या उरकतात. आत काय लिहिलेलं असतं? राहणारा ‘भाडेकरू’ नसतो, ‘लायसन्सी’ असतो. तो देतो ती रक्कम भाडं नसून ‘लायसन्स फी’ असते. जागेत कोणताही हक्क निर्माण होणार नाही हे दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेलं असतं, कारण सगळा डोलारा १८८२ च्या इझमेंट कायद्यातल्या लायसन्सच्या कल्पनेवर उभा आहे. डिपॉझिट बिनव्याजी. लॉक-इनच्या काळात सोडलंत तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरा. दर वर्षी ठरलेली वाढ. घर सोडताना रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून वळता, आणि तो किती हे मालक सांगेल तेवढा. गळती लागली तर दुरुस्ती किती दिवसांत, मालकाने घरात येण्याआधी किती तास कळवायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं, यावर बहुतेक करार गप्प असतात. वर दलालाला एक महिन्याचं भाडं, सोसायटीची एनओसी आणि पोलीस ठाण्यातली नोंद.

पुण्यात सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आलेल्या मुलांच्या नशिबी एवढाही कागद नसतो. ती ‘कॉट बेसिस’वर राहतात: एका खोलीत चार-पाच कॉट, प्रत्येकाचं कपाट, एक संडास, आणि महिन्याच्या सुरुवातीला काकूंच्या हातात रोख पैसे. पावती मागणारा विद्यार्थी दुर्मीळच. चाकण, रांजणगाव, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या रांगांत कंत्राटी कामगार राहतात. पाळीनुसार एकाच गादीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपतो. १९९९ चा कायदा मुळात परिशिष्टांत नावं नोंदलेल्या शहरांना लागू आहे. गावाचं रातोरात औद्योगिक शहर झालं म्हणून तो आपोआप तिथे पोचत नाही. महाराष्ट्राच्या कारखानदारीचा आणि सेवाक्षेत्राचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे, ती माणसं या कायद्याच्या नजरेत जवळजवळ नाहीतच.

भाडेकरूचं संरक्षण हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. कायदा भाड्यावर मर्यादा घालू शकतो. पण भाड्याने द्यायला घरंच कमी असतील तर त्या मर्यादेचा उपयोग थोड्यांनाच होतो. एकेकाळी हे राज्यकर्त्यांनाही कळत होतं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी उभारल्या. या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. बांधणी रुक्ष होती, आणि सुरुवातीला कैद्यांची कोठडी म्हणून कामगारांनी नाकंही मुरडली, पण सरकारने भाड्याने देण्यासाठी घरं बांधायची हे तत्त्व त्यात होतं. आज त्याच चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची मालकीची घरं होत आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना चाव्या मिळाल्या. त्यांच्यासाठी हा आनंदाचा दिवस होता, यात शंका नाही. पण कमी भाड्याची सरकारी खोली, जी उद्या गावाहून येणाऱ्या माणसाला मिळाली असती, ती शहरातून कायमची गेली.

स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या सगळ्या योजनांचा कल असाच मालकीकडे राहिला. म्हाडाची सोडत मालकीची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ नंतर मोफत घर, तेही मालकीचं आणि तेही कट-ऑफ तारखेच्या आत बसणाऱ्याला. झोपडीत भाड्याने राहणारा प्रत्यक्षात अनेकदा त्याबाहेरच राहतो. २०१३ मध्ये मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम झाला, तीही विकण्यासाठी. नागरी कमाल जमीन धारणा कायदा २००७ मध्ये राज्याने रद्द केला, तेव्हा अतिरिक्त जमीन खुली होईल आणि घरं स्वस्त होतील असं सांगितलं गेलं. घरं स्वस्त झाली नाहीत, हे सांगायला अहवालाची गरज नाही. देशाच्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, २०११ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला, असं केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालानेच नोंदवलं आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत १ कोटीहून अधिक घरं रिकामी आढळली, आणि मुंबईची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत. रिकामी घरं आणि बेघर माणसं एकाच शहरात असतात, कारण ज्याच्याकडे घर आहे त्याला ते भाड्याने देण्याचं धाडस होत नाही आणि ज्याला हवं आहे त्याला ते परवडत नाही.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ या नावाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट त्यात आहे. नोकरदार महिला, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या निवासाचाही विचार आहे. या दिशेचं स्वागत करायला हवं. पण धोरण हा सरकारचा इरादा असतो. सरकार बदललं की तो बदलतो, आणि धोरणाचा भंग झाला म्हणून कोणी न्यायालयात जाऊ शकत नाही. ‘अधिकार’ हा शब्द शीर्षकात आहे, तर तो कलमांतही आला पाहिजे.

केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा, जो केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केला, हा आयता पर्याय म्हणून पुढे केला जातो. त्यात घेण्याजोगं पुष्कळ आहे. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नाही. मालकाने घरात येण्यापूर्वी २४ तास आधी कळवायचं. पाणी-वीज तोडायची नाही. वादांसाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि न्यायाधिकरण अशी वेगळी यंत्रणा. आसाम आणि उत्तर प्रदेशाने त्या धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्राने केला नाही, आणि तो जसाच्या तसा करूही नये असं या पुस्तकातल्या बहुतेक लेखकांचं मत आहे. कारण त्यात भाड्यावर कोणतीही मर्यादा नाही, आणि करार संपला की भाडेकरूने निघायचं, नाहीतर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं भरायचं. मुदतीनंतर राहण्याचा हक्क त्यात जवळजवळ नाहीच. पागडीच्या घरांचं काय, हा मुंबईचा सर्वांत अवघड प्रश्न तर त्याच्या कक्षेतच येत नाही.

गोठवलेलं भाडं आणि मोकाट भाडं या दोन टोकांच्या मध्ये काही असू शकतं का? अमेरिकेतल्या दोन राज्यांनी २०१९ मध्ये याचं उत्तर कायद्यातून दिलं. ओरेगॉनने सबंध राज्यासाठी वार्षिक भाडेवाढीला ७ टक्के अधिक महागाईचा दर अशी मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने ५ टक्के अधिक महागाई आणि काहीही झालं तरी १० टक्क्यांपेक्षा अधिक नाही, असं ठरवलं. दोन्हीकडे पंधरा वर्षांच्या आतल्या नव्या इमारतींना सूट आहे, म्हणजे नवी घरं बांधणारा बिचकू नये. दोन्हीकडे काही काळ राहिलेल्या भाडेकरूला योग्य कारणाशिवाय काढता येत नाही. नवा भाडेकरू आला की मालक बाजारभावाने भाडं ठरवू शकतो. हे आकडे आपण उचलायचे असं मी म्हणत नाही. त्यांची महागाई वेगळी, त्यांचे पगार वेगळे. महत्त्वाची गोष्ट ही की, वाढ होऊ द्यायची पण ती माणसाला उखडून टाकणारी होऊ द्यायची नाही, हे कलमांत लिहिता येतं.

या पुस्तकात जो मसुदा दिला आहे त्याचं सार थोडक्यात सांगतो. भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला, मग तो फ्लॅटमध्ये असो की कॉटवर, लेखी करार आणि पावती मिळाली पाहिजे. सोप्या मराठीतला एक पानी नमुना करार राज्याने द्यावा. भाडेकरूची इच्छा असेल आणि तो नियमित भाडं देत असेल तर किमान तीन वर्षं त्याला हलवता येऊ नये. स्वतःला राहायला जागा हवी असल्यास मालकाला ती मिळावी, पण पुरेशी मुदत देऊन. चालू भाडेकरूची वार्षिक वाढ महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेली असावी आणि नव्या बांधकामांना काही वर्षं त्यातून सूट असावी. डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि घर सोडल्यावर महिन्याभरात हिशेबासह परत.

धर्म, जात, भाषा, आहार, लग्न झालं आहे की नाही, यावरून घर नाकारणं हा दंडनीय गुन्हा ठरावा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सहकारी संस्थेच्या उपविधीतली विशिष्ट समाजापुरत्या सदस्यत्वाची अट वैध ठरवली, तेव्हापासून हे दार उघडं राहिलं आहे. मुसलमानाला, दलिताला, एकट्या बाईला ‘घर गेलं’ असं फोनवर सांगणारे दलाल सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. अलीकडे मुंबईत मराठी माणसालाही तेच उत्तर मिळाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आपण संतापलो. तो संताप सर्वांसाठी एकसारखा असेल तरच त्यातून कायदा होईल.

पागडीच्या इमारतींसाठी मसुदा वेगळी वाट सुचवतो. भाडं टप्प्याटप्प्याने निदान दुरुस्तीचा खर्च भागेल इतकं वाढवायचं आणि ज्या वृद्धांना, विधवांना ते झेपणार नाही त्यांचा फरक राज्याने भरायचा. पुनर्विकास करताना पर्यायी जागेच्या भाड्याची रक्कम बिल्डरने आधी स्वतंत्र खात्यात ठेवल्याशिवाय एकाही कुटुंबाला खोली सोडायला लावायची नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतली ६७२ कुटुंबं २००८ च्या करारावर विश्वासून बाहेर पडली आणि दीड दशकाहून अधिक काळ घराची वाट पाहत राहिली, मध्येच भाडंही बंद झालं. एवढी एक तरतूद कायद्यात असती तर त्यांची ही परवड बरीच टळली असती.

आणि शेवटी घरांचा साठा. म्हाडाच्या नव्या घरांपैकी आणि मोठ्या भूखंडांवरच्या त्या २० टक्के घरांपैकी ठरावीक हिस्सा कधीही न विकता कायम भाड्यासाठी राखून ठेवावा, आणि तो विकण्याचा अधिकार कोणत्याही मंत्र्याच्या सहीवर सोडू नये.

घरमालकांचं म्हणणंही या पुस्तकात आहे, आणि ते मुद्दाम सविस्तर घेतलं आहे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या आधारावर निवृत्तीनंतरचा घरखर्च चालवणारे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले कारकून, मुलगा परदेशी असलेल्या आजी, हे मालक काही जमीनदार नाहीत. भाडं थकलं तर त्यांचं औषध थांबतं. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात चालणारे दावे एका पिढीने दाखल करावेत आणि दुसरीने निकाल ऐकावा, ही त्यांची तक्रार अगदी खरी आहे. पण संथ न्यायाने दोघांचंही नुकसान होतं. म्हणून प्रत्येक तालुक्याला भाडे प्राधिकरण, साध्या अर्जावर सुनावणी, ठरावीक दिवसांत निर्णय आणि गरजूला मोफत वकील ही मागणी मालक आणि भाडेकरू यांनी एकत्र करण्यासारखी आहे. जागा परत मिळण्याची खात्री असेल तर कुलूप लावलेले फ्लॅट उघडतील, आणि घर लगेच सुटणार नाही याची खात्री असेल तर भाडेकरूही वेळेवर भाडं भरेल.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात १९१८ पासूनच्या कायद्यांचा इतिहास. दुसऱ्यात पागडी, उपकरप्राप्त इमारती आणि संक्रमण शिबिरं. तिसऱ्यात लिव्ह अँड लायसन्स, कॉट बेसिस आणि कामगारांच्या खोल्या. चौथ्यात सार्वजनिक भाडेघरांचा प्रश्न, आणि पाचव्यात मसुदा, कलमवार स्पष्टीकरणासह. ज्यांना घाई आहे त्यांनी पाचवा भाग आधी वाचला तरी चालेल, मात्र मसुद्यातलं एखादं कलम जाचक वाटलं तर त्याची कारणं पहिल्या तीन भागांत शोधावीत.

कायदे आपोआप होत नाहीत. १९४७ चा कायदा झाला तेव्हा मुंबईतले भाडेकरू मोठ्या संख्येने होते आणि संघटित होते. आज भाडेकरू त्याहून कितीतरी अधिक आहेत, पण ते अकरा महिन्यांचे आहेत. दर वर्षी घर बदलतात, मतदार यादीतलं नाव गावातच राहतं, आणि म्हणून आमदाराच्या हिशेबात ते बसत नाहीत. हे पुस्तक वाचून झाल्यावर तीन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. जिथे राहता तिथल्या मतदार यादीत नाव नोंदवा. आपला भाडेकरार नोंदलेला आहे का ते पाहा, नसेल तर मालकाकडे तशी मागणी करा. आणि मसुद्याची प्रत घेऊन आपल्या आमदाराला भेटा, पुढच्या अधिवेशनात हा विषय मांडणार का, असं थेट विचारा, आणि उत्तर लेखी मागा.